पोरगा विश्वासात वाढतोय हे कसं ओळखायचं, आणि तरुण संघ त्याच्या हातात कधी द्यायचा?

ताई, सलाम.

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला, दुसरं वर्ष. सुट्टीत घरी आला की मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, गिटार वाजवतो, गीतं लीड करतो, सगळे कौतुक करतात. पाळकसाहेब म्हणाले याला यंदा तरुण संघाचा, म्हणजे मंडळीतल्या तरुणांच्या गटाचा, सेक्रेटरी करू. आणि तुमची काळजी अशी की हाच मुलगा घरात असे प्रश्न विचारतो की तुमची झोप उडते, घरच्या प्रार्थनेला मोबाईल घेऊन बसतो, पुण्यात रविवारी उपासनेला जातो की नाही ते तुम्हाला माहीत नाही. तो खरंच विश्वासात वाढतोय की नुसता गातोय, आणि हे पद त्याला द्यावं का.

माझं उत्तर आधी सांगून टाकते. पद आत्ता नको, काम द्या, आणि त्या कामात त्याच्या शेजारी एक मोठं माणूस द्या. का ते आता सविस्तर लिहिते, जरा लांबेल, पण या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही.

मी नगर जिल्ह्यातली, शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर झाले. शब्बाथ शाळा, म्हणजे मंडळीतली लहान मुलांची रविवारची शाळा, आणि तरुण संघ मिळून ३१ वर्षं झाली. पोरं मला बाईच म्हणतात, मंडळीतसुद्धा. इतक्या वर्षांत पाळक झालेली पोरं बघितली, नर्स झालेल्या, बँकेत लागलेल्या मुली बघितल्या, आणि जी पुन्हा कधी मंडळीत आलीच नाहीत तीही बघितली, त्यातल्या एकाच्या जाण्यात माझा वाटा आहे, ते पुढे सांगते.

आधी एका पोराचं सांगते. नाव लिहीत नाही.

आजीबरोबर यायचा. आजी बाजारात भाजी विकायची, रविवारी दुकान बंद ठेवून नऊवारी नेसून पहिल्या बाकावर बसायची आणि हा मागे, दाराजवळ, चपला काढतात तिथे. १४ वर्षांचा असताना एका घरी कॉटेज प्रार्थना, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थना सभा, होती, कोणीतरी म्हणालं आज शेवटची प्रार्थना हा करेल. तो उभा राहिला, डोळे मिटले, "हे प्रभू" म्हणाला आणि थांबला. पुढे काहीच येईना. आतून कुकरची शिट्टी झाली ती सगळ्यांनी ऐकली इतकी शांतता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. अर्धा मिनिट गेलं असेल, मग एका काकांनी खोकून प्रार्थना आपल्या हातात घेतली आणि छान मोठी करून आमेन म्हणून टाकलं. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोरगा पुढचे तीन रविवार आला नाही.

मी त्याच्या घरी गेले. प्रार्थनेचा विषयच काढला नाही, आजीने चहा केला तो घेतला आणि म्हणाले, अरे गीतांचे नंबर लावायच्या फळीचं काम कोणी बघत नाही, आकड्यांच्या पाट्या हरवल्यात, सहाचा नऊ करून लावतात लोक, तू येशील का अर्धा तास आधी. बस. एवढंच काम. तो यायला लागला. पाळकसाहेबांकडून नंबर घ्यायचे, फळीवर लावायचे. मग नंबर लावता लावता त्याने उपासना संगीत, म्हणजे आपलं गीतांचं पुस्तक, उघडून बघायला सुरुवात केली की हे कुठलं गीत आहे. साधारण वर्षभराने एकदा मला म्हणाला, बाई, आज वचन क्षमेचं आहे ना, मग हे गीत का निवडलं, ते ना. वा. टिळकांचं दुसरं आहे ते बसलं असतं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. याला कोणी शिकवलं नव्हतं की गीत आणि वचन यांचा संबंध असतो. त्याने ते फळीवरून ओळखलं.

हे मी एवढ्या बारकाईने का सांगते, तर वाढ अशीच दिसते ताई. स्टेजवर ती दिसत नाही. स्टेजवर गळा दिसतो, धिटाई दिसते, आणि हल्ली तर यूट्यूबवर बघून प्रार्थनेचा सूरसुद्धा उचलता येतो. गळा हे देवाचं दान आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण गळ्यावरून मुळं किती खोल गेलीत ते कळत नाही.

मग मी काय बघते? मी बघते की उपासना संपल्यावर पोरगं काय करतं. सतरंज्या गुंडाळायला थांबतं का. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतं का, ज्याच्याशी बोलून काही फायदा नाही. चूक दाखवली तर दोन दिवस रुसलं तरी तिसऱ्या दिवशी परत येतं का, रुसणं चालतं हो, परत येणं महत्त्वाचं. आपल्यापेक्षा दुसऱ्याने चांगलं गायलं तर चेहरा कसा होतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कोणी बघत नसताना खरं बोलतं का.

त्याच पोराचं, १७ वर्षांचा असताना मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, होतं, १० दिवस, खाऊचा हिशोब मी त्याच्याकडे दिला होता. लहान वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. शेवटच्या दिवशी त्याने हिशोब दिला, बरोबर होता, मी सही केली. रात्री साडेनऊला दारात उभा. म्हणाला बाई, वडापावचे ३४० रुपये जास्त लिहिलेत, मी रिचार्ज मारला त्यातून. मला कळलंच नसतं. कोणालाच कळलं नसतं. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, आणि खरं सांगते मला रडू येत होतं पण मी ते दाखवलं नाही. वही काढली, ती ओळ त्याच्याच हाताने खोडायला लावली आणि खाली लिहायला लावलं, ३४० परत देणे. सकाळी दूध टाकायला जायचा त्याच्या पैशातून त्याने तीन महिन्यांत फेडले. मी कोणाला सांगितलं नाही, आजीलासुद्धा नाही. आणि पुढच्या वर्षी हिशोब परत त्याच्याकडेच दिला. फक्त या वेळेला मोजायला दोन जण ठेवले, जे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. पैसे मोजताना नेहमी दोघं पाहिजेत, पोरं असोत की वडील मंडळी, यात अविश्वास नाही, उलट एकट्या पोराला मोहात टाकणं हा आपला दोष.

त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की या पोरात काहीतरी उभं राहतंय. साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं, त्याने तोपर्यंत एकदाही दिली नव्हती.

आता दुसऱ्याचं सांगते. हा हुशार, गिटार अप्रतिम, आवाज असा की बाहेर रस्त्यावरचे लोक थांबायचे. १८ पूर्ण व्हायच्या आत आम्ही त्याला तरुण संघाचा अध्यक्ष केला. आम्ही म्हणजे कमिटीने, आणि नाव मी सुचवलं होतं. पहिले सहा महिने काय सांगू तुम्हाला, मंडळी भरायला लागली, दुसऱ्या मंडळ्यांतून बोलावणी यायला लागली, प्रत्येक सभेत हा गाणार आणि हाच साक्ष देणार. एकच साक्ष किती वेळा देणार माणूस? दर वेळी त्यात थोडी भर पडायला लागली. ते मला जाणवत होतं, मी बोलले नाही, कारण मंडळी भरत होती. नाताळाचं नाटक, कॅरलची पार्टी, कापणीच्या सणाचा लिलाव, सगळं त्याच्यावर. बारावीत दोन विषय गेले. वडील चिडले, कमिटीतले लोक म्हणाले अध्यक्षच नापास झाला तर बाकीच्यांनी काय आदर्श घ्यायचा. ज्यांनी खांद्यावर घेतलं त्यांनीच खाली टाकलं. त्याने गिटार मंडळीतच ठेवली आणि गेला तो गेलाच. काही वर्षांनी मला एसटी स्टँडवर भेटला, मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला बाई तुमचं काही नाही. पण होतं. आम्ही त्याला वापरला, आणि त्याला आम्ही वाढवणं म्हणत होतो.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, पुढारी नवशिका नसावा असं आलंय, गर्वाने फुगून पडू नये म्हणून. हे वचन आपण पोरांना दटावायला वापरतो. मी ते आता मोठ्यांना वाचून दाखवते. नवशिक्याला वर चढवणारे आपणच असतो ना.

आणि त्याच पत्रात चौथ्या अध्यायात ते प्रसिद्ध वचन आहे, कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये. प्रत्येक युवा शिबिराच्या बॅनरवर असतं. पण पौलाचं मला त्याहून जास्त आवडणारं एक वाक्य करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अगदी शेवटी, १६व्या अध्यायात आहे, ते कोणी बॅनरवर लिहीत नाही. तिथे पौल तीमथ्याला काही सांगत नाही, मंडळीला सांगतो. तीमथ्य तुमच्याकडे आला तर तो तुमच्यात न भिता राहील असं बघा. बघा ताई, जबाबदारी कोणावर टाकली. पोराने धीट व्हावं असं नाही म्हटलं, मंडळीने अशी वागणूक ठेवावी की त्याला भीती वाटणार नाही. कुकरची शिट्टी झाली त्या घरात आम्ही सगळे या वाक्यात नापास झालो होतो. अर्धा मिनिट गप्प बसायला पाहिजे होतं, एवढंच करायचं होतं.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते, प्रश्न विचारतो ती. तुम्ही लिहिलंय की तो विचारतो, देव चांगला आहे तर अमक्याचं लेकरू का गेलं, दुसऱ्या धर्मातली चांगली माणसं नरकात जाणार का, उत्पत्तीतले सहा दिवस आणि विज्ञान कसं जुळवायचं. ताई, जो पोरगा असं विचारतो तो अजून घरात आहे. जो विचारत नाही, हो आई हो आई म्हणतो आणि पुण्याला गेला की शांतपणे सगळं सोडून देतो, त्याची काळजी करा. तुमचा मुलगा तुमच्याशी भांडतोय म्हणजे त्याला अजून वाटतं की उत्तर या घरात मिळेल.

आपल्याच मातीतलं सांगते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, तेव्हा त्या २५ वर्षांच्या. ज्या मिशनरी भगिनींकडे त्या राहात होत्या त्यांच्याशी त्यांची बाप्तिस्म्यानंतरही किती वादावादी झाली, पत्रंच्या पत्रं आहेत. त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव याबद्दल शंका, चर्चच्या अधिकाराबद्दल शंका, मी एका जोखडातून सुटून दुसऱ्याला मान द्यायला आलेली नाही असा सगळा सूर. त्या भगिनींना वाटलं असेल ही मुलगी गेली हातातून. आणि रमाबाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत सांगितलंय की धर्म मिळाला होता पण ख्रिस्त स्वतः भेटायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं लागली. आठ वर्षं! याच बाईने नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १८८५ साली कोणी त्यांच्या शंकांवरून निकाल लावला असता तर काय झालं असतं?

लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई कोसळल्या, वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळं पाळत होत्या. टिळकांनी ओढलं नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, आपल्या पायाने चालत आल्या. आणि टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ख्रिस्तायन हे त्यांचं ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य अर्धवट राहिलं होतं ते पुढे याच बाईने पूर्ण केलं. ज्यांना शाळा अशी मिळालीच नव्हती, त्यांनी. मी नगरची असल्याने मला टिळकांचा जरा जास्तच जिव्हाळा आहे, पण उदाहरण खरोखर बसतं म्हणून दिलं.

प्रश्नांना उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही हेही सांगते. मी आधी प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचे, शिक्षिकेची सवय. बायबलमधल्या पुरोहित एलीची आणि त्याच्या हाताखालच्या शमुवेलाची गोष्ट आठवा. लहान शमुवेल रात्री तीनदा उठून पळत आला, मला हाक मारलीत का. म्हाताऱ्या एलीने त्याला देवाचा संदेश काय असेल ते सांगितलं नाही, त्याला माहीतच नव्हता. त्याने एवढंच ओळखलं की हाक देव मारतोय, आणि म्हणाला जा, परत झोप, हाक आली तर असं बोल. एली काही मोठा आदर्श पुरोहित नव्हता, स्वतःच्या मुलांना तो आवरू शकला नाही, डोळ्यांना दिसत नव्हतं. तरीही ते एक काम त्याने बरोबर केलं. आणि सकाळी शमुवेलाने संदेश सांगितला तो एलीच्याच घराविरुद्ध होता, तरी एलीने लपवू नकोस म्हणून तो पूर्ण ऐकून घेतला. पोराने आपल्याबद्दलचं कडू सत्य आपल्यासमोर बोलावं आणि आपण ते ऐकावं, यापेक्षा मोठं शिक्षण कुठल्या शिबिरात मिळतं? तुमचा मुलगा जर म्हणाला की मंडळीतले अमुक लोक प्रार्थना एक करतात आणि वागतात दुसरं, तर लगेच गप्प करू नका. बहुतेक वेळा पोरं खरं बोलत असतात.

त्या फळीवाल्या पोराचंही मधे सुकलं होतं. २० वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा उपदेश केला, तो अगदी एका प्रसिद्ध वक्त्याच्या आवाजात, हात तसेच, मधे मधे हालेलुया तसंच. मी दोन दिवसांनी सांगितलं, अरे मला तुझा आवाज ऐकायचा होता. रुसला. मग आला आणि म्हणाला माझा आवाज कसा असतो तेच कळत नाही. मी म्हटलं भाजीच्या दुकानात आजीशी बोलतोस तसा. आणि त्याच वर्षी आजी गेली. पोरगं पार कोरडं झालं. येऊन परत मागे बसायचं, चपलांपाशी, गायचं नाही, प्रभुभोजनाला पुढे यायचं नाही. जवळजवळ वर्षभर. कमिटीत विषय निघाला की याच्याकडची कामं काढून घ्या. आमचे त्या वेळचे पाळक म्हणाले, कामं दुसऱ्याला द्या पण त्याची जागा त्याला राहू द्या. दर रविवारी दारात त्याचा हात हातात घेऊन फक्त विचारायचे, जेवलास का. त्यांनी वर्षभर दुसरं काही विचारलं नाही. मला तेव्हा वाटायचं साहेब जरा समजावतील, वचन देतील. आता कळतं की तेच समजावणं होतं. पौलाने तीमथ्याच्या पोटदुखीचीसुद्धा काळजी पत्रात केलीय, मंडळीच्या एवढ्या मोठ्या गोष्टी लिहिता लिहिता. नेता घडवायचा म्हणजे त्याची झोप, जेवण, परीक्षा, सगळंच आलं त्यात.

तो परत कसा उभा राहिला ते मला नीट सांगता येणार नाही, एके रविवारी तो फळीपाशी उभा होता आणि जो नवीन मुलगा पाट्या लावायचा त्याला सहा आणि नऊ कसे ओळखायचे ते दाखवत होता. देवाने केलं, आणि आम्ही मधे आलो नाही.

मागच्या पावसाळ्यात कॉटेज प्रार्थना होती, आता तो २६ चा आहे, लॅब टेक्निशियन आहे एका हॉस्पिटलात, आणि सभा तो घेत होता. नववीतल्या एका मुलीला त्याने प्रार्थना करायला सांगितली, पण आधीच दोन दिवस तिला विचारून ठेवलं होतं, करशील का, नको असेल तर नको. ती उभी राहिली आणि तिचीही दोन वाक्यं होऊन अडलं. सगळे शांत. मी डोळे उघडून बघितलं, बघायचं नसतं पण बघितलं. तो नुसता उभा होता, डोळे मिटून, घाई नाही, खोकला नाही. एक काका हलायला लागले तर याने त्यांच्या हातावर अलगद हात ठेवला. बराच वेळ गेला. मग ती मुलगी म्हणाली, प्रभू माझ्या बाबांची दारू सोडव, आमेन, आणि खाली बसली. त्या घरात नंतर कोणालाच लगेच बोलता येईना.

तरुण संघाचा अध्यक्ष तो कधीच झाला नाही, दोनदा नाव निघालं, नको म्हणाला, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना तो शिकवतो. पुढारी तोच आहे. सगळ्यांना माहीत आहे.

आता तुमच्या मुलाबद्दल, साधं व्यवहारातलं. एक तर तो वर्षातले नऊ-दहा महिने पुण्यात असणार, सेक्रेटरीचं काम म्हणजे सभेचा वृत्तांत लिहिणं, निरोप देणं, कमिटीला उत्तर देणं, ते तिकडून कसं करणार? नुसतं नाव लागेल आणि काम दुसरंच कोणी करेल, बहुतेक एखादी मुलगीच करेल, हे मी पुष्कळ बघितलंय. जाता जाता सांगते, कमिटीला हेही विचारा की तुमच्याकडे जी मुलगी गेली चार वर्षं सगळी रजिस्टरं ठेवतेय तिचं नाव सेक्रेटरीसाठी का निघालं नाही. आपल्या सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, बायकांना पाळकीय दीक्षा मिळते, पण तरुण संघात अजून चहा कोण करणार हे आधीच ठरलेलं असतं. केडगावला रमाबाईंनी दुष्काळातून आलेल्या पोरींच्या हातात छापखाना दिला होता. त्यांचं मराठी पवित्र शास्त्र तिथेच छापलं गेलं, १९२४ ला, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. खरं काम दिलं की माणूस वाढतो, मुलगा असो मुलगी असो.

तर पाळकसाहेबांना भेटा, मुलाला न सांगता नको, त्याला सांगून भेटा. म्हणा की पद पुढे बघू, पण नाताळच्या सुट्टीत त्याला एक ठरलेलं काम द्या ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. उदाहरणार्थ शब्बाथ शाळेतल्या चार पोरांना गिटार शिकवून नाताळाच्या उपासनेत त्यांच्याकडून एक गीत वाजवून घेणं, आणि त्या दिवशी स्वतः वाजवायचं नाही, बाजूला बसायचं. यातून तुम्हाला पुष्कळ कळेल. दुसऱ्याला पुढे करून बाजूला बसताना त्याला आनंद होतो का ते बघा. पहिल्या वेळी नाही झाला तरी घाबरू नका, १९ वर्षं हे काय वय आहे. काम झाल्यावर कोणीतरी त्याच्याबरोबर बसून बोललं पाहिजे, काय जमलं, काय नाही. ते तुम्ही नका करू, आईचं ऐकून घ्यायचं ते वय नाही, मंडळीतलं कोणीतरी विश्वासातलं माणूस बघा ज्याला पोराकडून काही नको आहे. आणि लहान मुलांबरोबर काम आहे तर दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस तिथे, हा नियम पहिल्या दिवसापासून, सगळ्यांना सारखा.

चुकला तर? चुकेलच. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या फेरीवर निघालेला मार्क पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर परत गेला होता, त्याच्यावरून पुढे या दोघांत इतकं वाजलं की ते वेगळ्या वाटेने गेले. बर्णबाने त्याला परत बरोबर घेतलं. आणि म्हातारपणी तुरुंगातून पौलच लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेला उपयोगी आहे. मधली वर्षं बर्णबाने निभावली. तुमच्या मंडळीत असा बर्णबा कोण आहे ते शोधा, सेक्रेटरीच्या पदापेक्षा तो जास्त गरजेचा आहे.

घरच्या प्रार्थनेत मोबाईल घेऊन बसतो म्हणालात. रोज टोकू नका. एखाद्या दिवशी तुम्हीच तुमच्या प्रार्थनेत खरं काहीतरी बोला, जे रोजच्या ठरलेल्या वाक्यात नसतं, की प्रभू मला या गोष्टीची भीती वाटते, किंवा ही गोष्ट मला अजून समजलेली नाही. आपल्या आईलाही न समजलेलं काही आहे आणि तरी ती गुडघ्यावर आहे, हे पोराने बघणं फार मोठं असतं. तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके हिच्यात होता असं पौल म्हणतो, आणि त्या दोघींनी त्याला काही भाषणं दिली असतील असं मला नाही वाटत, त्याने घरात बघितलं असणार.

आणि पुण्याचं. फोनवर उपासनेला गेलास का असं विचारू नका, त्याचं उत्तर हो असंच येणार आणि तुम्ही त्याला खोटं बोलायला शिकवाल. त्याच्या हॉस्टेलजवळ कुठली मराठी मंडळी आहे ते पाळकसाहेबांकडून काढा, तिथल्या कोणाचा तरी नंबर त्याला द्या, एखाद्या रविवारी जेवायला बोलवणारं घर मिळालं तर उत्तमच, मेसचं खाऊन कंटाळलेला पोरगा जेवायला नक्की जाईल. आणि तुम्ही फोनवर फक्त एवढं विचारा, या आठवड्यात तुझ्यासाठी कशाची प्रार्थना करू? सुरुवातीला म्हणेल काही नाही. दोन-तीन आठवडे काही नाही म्हणेल. मग एकदा सांगेल, सबमिशन आहे, किंवा रूममेटच्या वडिलांना अॅडमिट केलंय. ते कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि पुढच्या फोनला तुम्ही आधी तेच विचारा, काय रे, त्याच्या वडिलांना घरी सोडलं का?